विम्याचा कागद वाचा, मगच विमानात बसा

गेल्या पंधरवड्यात शेवगाव तालुक्यातील एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. साखर कारखान्यात उभी हयात राबून निवृत्त झालेले. जयभीम करून खुर्चीवर बसले, पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली आणि आमच्यापुढे ठेवली. मुलीला इंग्लंडमधील विद्यापीठात एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, सरकारी परदेश शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आणि घराण्यात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच. आम्हाला वाटले, पेढे द्यायला आले असावेत. पण चेहरा पेढे देणाऱ्याचा नव्हता. फाईलमध्ये एका विमा पॉलिसीचा अर्ज होता. एजंटाने भरून दिलेला, फक्त सही बाकी. "पूर्वीचा काही आजार आहे काय" या रकान्यात एजंटाच्या अक्षरात "नाही" लिहिलेले होते.

"साहेब, पोरीला लहानपणापासून दमा आहे. एजंट म्हणतो, दम्याचं लिहू नका, पैसे वाढतील. कोण तिकडं तपासायला बसलंय? सही करू का?"

आम्ही त्यांना सही करू नका असे सांगितले. का, हेही सांगितले. पण ते गेल्यावर हा प्रश्न एका घराचा नाही, हे आमच्या ध्यानात आले. आज नगर जिल्ह्यातील, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील, आपल्या समाजाची मुले लंडन, बर्लिन, मेलबर्न, न्यूयॉर्क ही नावे घेऊ लागली आहेत. कुणी शिष्यवृत्तीवर जातो, कुणी शेत गहाण टाकून कर्जावर जातो, कुणी गवंडीकाम किंवा ड्रायव्हरकी करायला आखाती देशात जातो, कुणी नर्स म्हणून जातो. प्रवेश, व्हिसा, तिकीट यांची चर्चा महिनोन्महिने होते. आरोग्य विम्याचा कागद मात्र शेवटच्या आठवड्यात, एजंट दाखवील तिथे सही करून उरकला जातो. आणि परदेशात जे घर बुडते, ते बहुधा याच कागदावर बुडते.

वतनाची गोष्ट आठवा

कागद न वाचता सही करण्याची किंमत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. महार वतन म्हणजे काय होते? वरवर पाहता ती हमीच होती. इनामाचा तुकडा आहे, बलुते आहे, गाव उपाशी मरू देणार नाही, असे सांगणारी हमी. तिच्या बदल्यात गावाने आणि सरकारने चोवीस तासांची वेठ घेतली. १८७४ च्या वतन कायद्यात काय लिहिले आहे हे राबणाऱ्याला कुणी वाचून दाखवले नव्हते. मिळणार किती आणि द्यावे लागणार किती, याचा हिशेब बाबासाहेबांनी मांडला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. १६ डिसेंबर १९३९ रोजी याच नगर जिल्ह्यातील हरेगावला वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतने कायद्याने गेली ती पुढे, १९५८ च्या कायद्याने.

आज वतन नाही. पण तुकडा दाखवून अटी लपवणारे कागद आहेत. फरक एवढाच की आता आपल्याला वाचता येते. ज्यांच्या आजोबांना कागद वाचण्याची बंदी होती त्यांच्या नातवाने कागद न वाचता सही करावी, हे आम्हाला पटत नाही.

विमा हा विषय आपल्या चळवळीला परका नाही, हेही सांगितले पाहिजे. विमा म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, अशी समजूत असणाऱ्यांनी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' उघडावे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या त्या निवेदनात विम्याचा धंदा सर्वस्वी राज्याच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा, ज्याला कामगार 'ईएसआय' म्हणून ओळखतो, तो त्या वाटेनेच आला. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या तीन महिने आधी. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दारे उघडली आणि विमा पुन्हा बाजारात आला. बाजारात आल्यावर बाजाराचे नियम लागतात. तिथे विकणारा कागद जाणतो आणि घेणारा जाणत नाही.

देश बदलला की नियम बदलतो

परदेशी जाणाऱ्याचा पहिला प्रश्न "कोणती कंपनी चांगली?" असा असतो. आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा असावा की, ज्या देशात मी जातो आहे तिथला कायदा माझ्या आजारपणाची जबाबदारी कुणावर टाकतो? सरकारवर, मालकावर, विद्यापीठावर की माझ्या एकट्यावर? याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे.

इंग्लंडपासून सुरुवात करू. तिथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून २०१५ पासून व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार घेतला जातो. सुरुवातीला तो विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ पौंड झाला. नोकरीवर जाणाऱ्या प्रौढाला १,०३५ पौंड. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून बहुधा दीड वर्षाचा अधिभार, म्हणजे १,१६४ पौंड भरावे लागतात. रुपयात ही रक्कम लाखाच्या वर जाते. पण ती भरली की जुना आजार असो वा नवा, दवाखाना तिथल्या नागरिकासारखाच मिळतो. दमा आहे म्हणून कुणी दार लावत नाही.

म्हणजे शेवगावच्या त्या बापाला एजंट जी पॉलिसी विकत होता, तिच्यातला उपचारांचा भाग त्या मुलीला जवळजवळ निरुपयोगी होता. एकदा सरकारी अधिभार भरायचा आणि त्याच गोष्टीसाठी पुन्हा एजंटाचे पोट भरायचे! आणि वर खोटे लिहून द्यायचे! तिला गरज असेल तर ती वेगळ्या गोष्टीची आहे. विमान रद्द होणे, सामान हरवणे, अभ्यास अर्धवट सोडून परत यावे लागणे, आणि बोलायला जड जाते पण बोलले पाहिजे, मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च. हे तिथली आरोग्य सेवा देत नाही. त्यासाठी लहानशी प्रवास पॉलिसी पुरते. इंग्लंडात डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. मधुमेहाच्या औषधांवर असणाऱ्याला ते माफ आहेत, दम्याच्या रुग्णाला नाहीत. ज्याला दर महिन्याला औषध लागते त्याने वर्षाचा आगाऊ भरणा करून प्रमाणपत्र घेतले तर स्वस्त पडते. दात आणि चष्मा यांचा खर्च वेगळा. आणि पोहोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे, आजारी पडण्याची वाट पाहायची नाही.

जर्मनीचा नियम दुसरा. तिथे विम्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा निधीत सवलतीच्या दराने प्रवेश मिळतो. २०२५ साली हा दर महिन्याला साधारण १४० ते १५० युरो होता. याहून कितीतरी स्वस्त खासगी पॉलिसी दाखवणारे भेटतात. मुलगा म्हणतो, महिन्याला शंभर युरो वाचले. पण सार्वजनिक विम्यातून एकदा सूट मागून घेतली की शिक्षण संपेपर्यंत त्यात परत येता येत नाही. मधल्या काळात मोठा आजार निघाला तर स्वस्त पॉलिसीच्या मर्यादेबाहेरचा सगळा भार त्याच्याच डोक्यावर. तीस ओलांडल्यावर विद्यार्थी सवलत संपते, हे उशिरा शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावे. नोकरीवर जाणाऱ्याचे गणित सोपे आहे. हप्ता पगाराच्या प्रमाणात ठरतो, जवळजवळ अर्धा मालक भरतो, आणि सोबत राहणारी पण न कमावणारी पत्नी व मुले त्याच हप्त्यात येतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या आयटीआयच्या मुलांनी आणि नर्स भगिनींनी नेमणुकीच्या पत्रात विम्याचा मजकूर आहे का ते पाहावे.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. पण तिथे अट अशी की आधीपासूनच्या आजाराला बारा महिने थांबावे लागते, मानसिक आजाराला दोन महिने. गरोदरपणालाही प्रतीक्षेची अट असू शकते. पत्नीला घेऊन जाणाऱ्याने हे आधी पाहिले नाही तर बाळंतपणाचे बिल शिक्षणाच्या कर्जावर चढते.

अमेरिकेत तर सरकारी छत्रच नाही. तिथे बहुतेक विद्यापीठे स्वतःची विमा योजना सक्तीची करतात. ती महाग असते, म्हणून मुले बाहेरची स्वस्त पॉलिसी दाखवून सूट मागतात. इथेच फसगत होते. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार चालणारी योजना जुना आजार नाकारू शकत नाही. प्रवाशांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त पॉलिसीला हे बंधन नाही. शिवाय तिथे हप्ता भरला म्हणजे सगळे फुकट झाले असे होत नाही. आधी ठरावीक रक्कम स्वतः भरायची, मग प्रत्येक बिलातला काही टक्के वाटा भरायचा, आणि कंपनीच्या यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलात तर आणखी भरायचे. म्हणून हप्ता किती, एवढेच पाहू नये. वर्षभरात जास्तीत जास्त किती रक्कम माझ्या खिशातून जाऊ शकते, हा आकडा विचारावा. अभ्यागत विनिमय व्हिसावर, म्हणजे जे-१ वर, जाणाऱ्याला तर सरकारनेच किमान मर्यादा घातली आहे: प्रत्येक आजाराला वा अपघाताला १ लाख डॉलर, रुग्णाला हलवण्यासाठी ५० हजार डॉलर, पार्थिव पाठवण्यासाठी २५ हजार डॉलर. नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला अशी मर्यादा नाही. तिथे विद्यापीठाचा नियम वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

आखाताकडे जाणाऱ्यांचे कोण?

शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याचा सत्कार होतो, फोटो छापून येतो. आखाती देशात मजुरीला जाणाऱ्याचा सत्कार कुणी करीत नाही. त्याचाही विचार झाला पाहिजे. दहावी न झालेल्या ज्या कामगाराच्या पासपोर्टवर 'इसीआर'चा शिक्का असतो, त्याला ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. ही योजना २००३ साली सुरू झाली, २०१७ साली सुधारली गेली. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. इतक्या कमी पैशांत इतके संरक्षण दुसरीकडे नाही. तरीही कित्येक घरांत ती पॉलिसी कुठे ठेवली आहे हे बायकोला माहीत नसते. वारसाचे नाव बरोबर लिहिले आहे का, हे कुणी पाहिलेले नसते.

पण हा विमा अपघाताचा आधार आहे, रोजच्या दवाखान्याचा नव्हे. त्यातली उपचाराची रक्कम एक लाखापर्यंतच आहे. खरा दवाखाना मालकाने द्यायचा असतो. सौदी अरबमध्ये मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढणे सक्तीचे आहे. संयुक्त अरब अमिरातींत अबू धाबी आणि दुबईत ही सक्ती आधीपासून होती, १ जानेवारी २०२५ पासून ती उरलेल्या अमिरातींतील खासगी कामगारांनाही लागू झाली. हा हप्ता मालकाने भरायचा असतो. दलाल जर "विम्याचे पैसे पगारातून कापू" असे म्हणत असेल तर तो खोटे बोलतो आहे, असे समजावे आणि करारात हे कलम लेखी मागावे. संकटात सापडलेल्या नागरिकासाठी भारतीय दूतावासाकडे २००९ पासून समाज कल्याण निधी आहे. गरजूच्या तातडीच्या उपचारासाठी आणि पार्थिव मायदेशी आणण्यासाठी त्यातून मदत मिळते. पण अर्ज केल्यावाचून ती मिळत नाही, आणि अर्ज करायचा हे घरच्यांना माहीत असावे लागते.

खोटे लिहून पैसे वाचत नाहीत

आता त्या "नाही" लिहिलेल्या रकान्याकडे येऊ. आजार लपवला की हप्ता कमी होतो, हे एजंटाचे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे सत्य असे की, दावा करायची वेळ आली की कंपनी पहिल्यांदा तोच रकाना काढते. दवाखान्याची जुनी चिठ्ठी, औषधाची जुनी पावती एवढ्यावर दावा फेटाळला जातो. तेव्हा एजंट फोन उचलत नाही. सही त्याची नसते, आपली असते. आजार लिहिल्यामुळे हप्ता वाढला तर वाढू द्यावा. एखाद्या कंपनीने नाकारले तर दुसरी पाहावी, नाहीतर विद्यापीठाची किंवा सरकारी योजना घ्यावी. भरलेला हप्ता आणि फेटाळलेला दावा, यापेक्षा महाग पॉलिसी जगात नाही.

दुसरी समजूत अशी की "आपल्याकडे कार्ड आहे ना!" महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असो वा आयुष्मान भारत, ही कार्डे परदेशात चालत नाहीत. इथली मेडिक्लेमही बहुधा देशाच्या हद्दीपुरतीच असते. म्हणून ती बंद करावी काय? आमचे मत बंद करू नये असे आहे. मुलगा दोन वर्षांनी परत आला आणि पॉलिसी मध्ये तुटलेली असली तर जुन्या आजाराची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. २०२४ च्या नियमानुसार ही प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते. आणि मागे राहिलेल्या आईबापांचे कार्ड काढले आहे का, त्यावर नाव व जन्मतारीख बरोबर आहे का, हे जाणाऱ्याने जाण्याआधी पाहावे. परदेशातून मुलाने पाठवलेला पैसा बापाच्या ऑपरेशनला जावा आणि घरात न काढलेले कार्ड असावे, यासारखा दैवदुर्विलास नको. कंपनीने अन्याय केला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा तिथे होऊ शकतो. मात्र ही सोय भारतातील कंपन्यांच्या पॉलिसीसाठी आहे. परदेशी कंपनीविरुद्ध तिथल्याच यंत्रणेकडे जावे लागते.

तिसरी गोष्ट आपली मुले बोलत नाहीत, म्हणून आम्ही बोलतो. मनाचा आजार. परक्या देशात, परक्या भाषेत, पहिल्या पिढीतले मूल एकटे पडते. तिथेही आपल्याच देशातून गेलेले काही जण आडनाव विचारून जात शोधतात. अमेरिकेतील सिएटल शहराला २०२३ साली जातीय भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला, तो काही उगाच नव्हे. म्हणून पॉलिसीत समुपदेशन आणि मानसोपचार येतो का, किती वेळा येतो, हे लाज न बाळगता विचारावे. विद्यापीठात बहुधा समुपदेशक असतो. त्याच्याकडे जाणे म्हणजे दुबळेपणा नव्हे.

सरकारने आणि आपण काय करावे?

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. पुढे लंडनला अर्धपोटी राहून शिकले. त्यांच्या आजारपणाची हमी घेणारे तेव्हा कुणी नव्हते. इकडे माता रमाईने दारिद्र्याशी झुंज दिली, चार लेकरे मातीआड केली. ते दिवस पुन्हा कोणत्याही घरावर येऊ नयेत, हीच तर शिष्यवृत्तीमागची भूमिका आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. तिच्यात आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतही आरोग्य विम्याचा खर्च धरलेला आहे. हे कित्येक पालकांना ठाऊकच नाही. म्हणून पहिली सूचना विद्यार्थ्यांना: विम्याची, अधिभाराची प्रत्येक पावती जपून ठेवा, तो तुमचा हक्काचा पैसा आहे. मंजुरीच्या आदेशात नेमके काय लिहिले आहे ते पाहून समाज कल्याण आयुक्तालयाला लेखी विचारा.

पण विद्यार्थ्याने पावत्या जपल्या म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. अधिभार व्हिसाच्या अर्जासोबतच भरावा लागतो, म्हणजे विमानात बसण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा कारखान्यातल्या निवृत्त कामगाराने लाख रुपये कुठून आणायचे? सावकाराकडून? आमची मागणी सरळ आहे. निवडयादी लागली की विम्याची रक्कम आगाऊ द्यावी. निवडपत्रासोबत त्या त्या देशाच्या विम्याचे नियम सांगणारे एक पान साध्या मराठीत द्यावे. एका पानाला सरकारची तिजोरी रिकामी होत नाही.

आणि सगळेच सरकारने करावे असेही आम्ही म्हणत नाही. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि त्यांत दलितही असलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जी बाई अक्षर वाचू शकत नव्हती ती गावाचे आरोग्य वाचू लागली. मग आपल्या पदवीधर कार्यकर्त्यांना विम्याची चार पाने का वाचता येऊ नयेत? जयंतीला डीजेवर जो पैसा उडतो त्यातल्या थोड्या पैशांत प्रत्येक तालुक्यात दर उन्हाळ्यात एक दिवसाची बैठक होऊ शकते. परदेशातून शिकून आलेल्यांनी तिथे यावे, स्वतःच्या पॉलिसीचा कागद आणावा आणि जाणाऱ्या मुलांपुढे वाचून दाखवावा. बुद्धविहाराच्या ओसरीवर बसूनही हे काम होते.

त्या बैठकीत पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी पुरे. हा विमा व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आहे काय? माझा जुना आजार यात येतो काय आणि किती दिवसांनी येतो? वर्षात जास्तीत जास्त किती पैसे माझ्या खिशातून जातील? सोबतच्या बायकोमुलांना तो लागू आहे काय? आणि वाईटच झाले तर मला किंवा माझ्या देहाला घरी कोण आणील? या पाचांची उत्तरे जो एजंट कागदावर बोट ठेवून देऊ शकत नाही, त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये. दर आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून वर दिलेले आकडे अर्ज करताना त्या देशाच्या सरकारी माहितीशी ताडून घ्यावेत.

शेवगावचे ते गृहस्थ परवा पुन्हा आले. या वेळी पेढे घेऊन. एजंटाचा अर्ज परत दिला होता. मुलीने स्वतः बसून सगळे कागद वाचले, अधिभाराची पावती फाईलला लावली, तालुक्याच्या डॉक्टरकडून दम्याचे इंग्रजी पत्र आणि तीन महिन्यांची औषधे घेतली. "साहेब, पोरीनं आम्हाला वाचून दाखवलं," ते म्हणाले. आम्हाला या वाक्यात चळवळीच्या शंभर वर्षांच्या कष्टाचे फळ दिसले. वाचता येणारे लेकरू घरात आहे. आता घराने त्याच्याकडून कागद वाचून घ्यावा, मगच सही करावी. जयभीम.